पक्षाघाताच्या निदानाची रुग्णालयीन नोंद

पक्षाघाताच्या निदानाची रुग्णालयीन नोंद म्हणजे मेंदूच्या रक्तपुरवठ्यात अकस्मात बिघाड झालेल्या रुग्णाचे निदान केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, संगणकीय रुग्णनोंद आणि मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र यांवर ठरावीक संज्ञांनी, ठरावीक घटकांसह व ठरावीक संकेतांकांनी लिहिण्याची पद्धती होय. निदान योग्य असूनही त्याची नोंद संदिग्ध राहिली, तर पुढील डॉक्टरला चुकीचा अर्थबोध होऊ शकतो. रक्तवाहिनीत गुठळी अडकून झालेल्या पक्षाघातात रक्त पातळ ठेवणारी औषधे उपयोगी पडतात; मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णास तीच औषधे घातक ठरू शकतात. म्हणून दोहोंना केवळ 'पक्षाघात' असे लिहून भागत नाही. रुग्णांची गणना, उपचारांच्या परिणामांचे संशोधन, विम्याचे दावे आणि आरोग्यसेवेचे नियोजन यांनाही हीच नोंद आधारभूत असते.

भारतात इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदींच्या मानकांसंबंधीचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्रात (सी-डॅक) असल्यामुळे या विषयाशी पुणे शहराचा निकटचा संबंध आहे.

संज्ञा आणि लोकभाषा

मराठीत या आजाराला पक्षाघात, अर्धांगवायू व लकवा अशी नावे रूढ आहेत. 'पक्ष' म्हणजे शरीराची एक बाजू. पक्षाघात आणि अर्धांगवायू ही दोन्ही नावे मुळात शरीराचा अर्धा भाग लुळा पडण्याच्या लक्षणावरून पडली आहेत. त्या लक्षणामागील मेंदूतील बिघाडाचा बोध त्यांतून होत नाही. त्यामुळे ही नावे आजारापेक्षा एका परीने व्यापक, तर दुसऱ्या परीने संकुचित ठरतात. डोक्याला मार लागल्याने किंवा मेंदूतील अर्बुदामुळेही अर्धे अंग लुळे पडू शकते. तो या अर्थाने पक्षाघात नव्हे. उलट, केवळ वाचा जाणे, एका बाजूची दृष्टी अकस्मात जाणे किंवा तोल जाणे एवढ्याच लक्षणांनी प्रकट होणारा पक्षाघातही असतो; त्यात हातपाय चांगले चालतात.

'लकवा' हा शब्द अधिकच संदिग्ध आहे. चेहऱ्याच्या मज्जातंतूला सूज येऊन तोंड वाकडे होते, त्यालाही बोलीत 'तोंडाचा लकवा' म्हणतात. आयुर्वेदात अशा विकारासाठी 'अर्दित' ही संज्ञा आहे. 'पूर्वी लकवा झाला होता' एवढ्या सांगण्यावरून जुना पक्षाघात नोंदविला गेला, तर बेल्स पाल्सी झालेला रुग्णही आयुष्यभर पक्षाघाताचा रुग्ण म्हणून मोजला जाऊ शकतो.

शहरी बोलीत 'पॅरालिसिसचा अटॅक', 'ब्रेन अटॅक', 'ब्रेन हॅमरेज' हे शब्दप्रयोग आढळतात. 'मेंदूत रक्ताची गुठळी झाली' हे वाक्य तर दोन परस्परविरुद्ध अर्थांनी वापरले जाते. धमनीत अडकून रक्तप्रवाह थांबविणारी गुठळी आणि धमनी फुटल्यावर मेंदूत साकळलेले रक्त, या दोहोंनाही नातेवाईक 'गुठळी' म्हणतात. यामुळे रुग्णाचा पूर्वेतिहास लिहिताना जुने डिस्चार्ज कार्ड किंवा मेंदूच्या सीटी स्कॅनचा अहवाल पाहून खात्री करणे आवश्यक ठरते.

वैद्यकीय व्यवहारात 'सीव्हीए' हे लघुरूप दीर्घकाळ प्रचलित आहे. त्यातून मेंदूच्या रक्तवाहिन्यांशी संबंधित घटना सूचित होते. मात्र ती रक्तावरोधाची की रक्तस्रावाची, नवी की जुनी, हे कळत नाही.

पक्षाघाताची व्याख्या

जागतिक आरोग्य संघटनेच्या पारंपरिक व्याख्येनुसार मेंदूच्या कार्यात झपाट्याने निर्माण झालेला, २४ तासांहून अधिक काळ टिकणारा किंवा मृत्यूस कारण होणारा आणि रक्तवाहिन्यांतील दोषाखेरीज अन्य उघड कारण नसलेला बिघाड म्हणजे पक्षाघात होय. ही व्याख्या लक्षणांवर आधारलेली असल्यामुळे प्रतिमाचिकित्सेची साधने नसलेल्या ठिकाणीही उपयोगी पडते. लक्षणे २४ तासांच्या आत पूर्णपणे नाहीशी झाल्यास त्यास क्षणिक रक्तावरोधी झटका (टीआयए) म्हटले जाई.

एमआरआय तपासणीचा प्रसार झाल्यावर असे आढळले, की काही तासांत बऱ्या झालेल्या अनेक रुग्णांच्या मेंदूतही कायमची इजा झालेली असते. अमेरिकेतील हृदय व पक्षाघात संघटनांनी २००९ मध्ये क्षणिक झटक्याची आणि २०१३ मध्ये पक्षाघाताची सुधारित व्याख्या मांडली. तीत काळापेक्षा मेंदूच्या ऊतींना झालेल्या इजेला महत्त्व देण्यात आले. परिणामी एकाच रुग्णाची नोंद जुन्या व्याख्येनुसार क्षणिक झटका आणि नव्या व्याख्येनुसार पक्षाघात अशी होऊ शकते. दोन रुग्णालयांच्या किंवा दोन कालखंडांच्या आकड्यांची तुलना करताना कोणती व्याख्या वापरली आहे, हे पाहावे लागते.

पक्षाघाताचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत :

• रक्तावरोधी पक्षाघात : धमनी बंद झाल्यामुळे मेंदूचा भाग मृत होतो. याचे प्रमाण सर्वाधिक असते.
• मेंदूअंतर्गत रक्तस्राव : मेंदूच्या ऊतींमध्ये रक्तवाहिनी फुटते. उच्च रक्तदाब हे याचे प्रमुख कारण होय.
• मेंदूच्या आवरणाखालील रक्तस्राव : मेंदूभोवतीच्या जालिकावरणाखाली रक्त पसरते. धमनीवरील फुगा फुटणे हे याचे एक महत्त्वाचे कारण आहे.
• मेंदूतील शिरांमध्ये रक्त गोठणे : यात दोष धमनीत नसून शिरांत असतो. भारतात बाळंतिणींमध्ये हा विकार विशेषत्वाने वर्णिला गेला आहे.

नोंदीचे आवश्यक घटक

पक्षाघाताचे निदान एका शब्दात मावत नाही. उपयुक्त नोंदीत पुढील घटक स्वतंत्रपणे लिहिले जातात.

प्रकार : रक्तावरोध, रक्तस्राव किंवा अनिश्चित. सीटी स्कॅनमध्ये ताजा रक्तस्राव सहसा लगेच दिसतो. रक्तावरोधाच्या खुणा मात्र पहिल्या काही तासांत दिसतीलच असे नाही. म्हणून 'सीटी स्कॅन निर्दोष' या शेऱ्याचा अर्थ 'पक्षाघात नाही' असा होत नाही.

स्थान आणि बाजू : मेंदूचा उजवा अर्धगोल शरीराच्या डाव्या बाजूचे नियंत्रण करतो. 'डाव्या बाजूचा पक्षाघात' या नोंदीत डावी बाजू शरीराची की मेंदूची, हे स्पष्ट होत नाही. 'उजव्या मध्य प्रमस्तिष्क धमनीच्या क्षेत्रात रक्तावरोध. डाव्या हातापायांत अशक्तता' अशी नोंद केल्यास हा घोळ टळतो.

काळ : लक्षणे सुरू झाल्याची वेळ, रुग्णालयात दाखल झाल्याची वेळ आणि निदान लिहिल्याची वेळ या तीन वेगळ्या बाबी आहेत. गुठळी विरघळविणारे औषध योग्य रुग्णांना सामान्यतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत दिले जाते. रुग्ण झोपेतून उठला तेव्हाच अंग लुळे असल्याचे आढळले, तर उठण्याची वेळ ही आजार सुरू झाल्याची वेळ मानता येत नाही. त्याला शेवटचे सुस्थितीत कधी पाहिले होते, ती वेळ नोंदवावी लागते.

निश्चितता : तातडीच्या विभागात लिहिलेले निदान बहुधा संभाव्य असते. रक्तातील साखर कमी होणे, आकडीनंतर येणारी तात्पुरती अशक्तता आणि अर्धशिशी यांची लक्षणे पक्षाघातासारखी भासू शकतात. निदान संभाव्य आहे, निश्चित झाले आहे की फेटाळले गेले आहे, हे नमूद न केल्यास पहिली शंकाच कायमचे निदान होऊन बसते.

कारण : रक्तावरोधी पक्षाघाताच्या कारणांचे 'टोस्ट' हे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेले वर्गीकरण प्रचलित आहे. मोठ्या धमन्यांतील काठिण्य, हृदयातून आलेली गुठळी, सूक्ष्म धमनी बंद होणे, अन्य निश्चित कारण आणि अनिश्चित कारण असे त्याचे पाच गट आहेत. पुढचा झटका टाळण्यासाठी कोणते औषध द्यावे, हे बऱ्याच अंशी या घटकावर ठरते.

तीव्रता : मज्जासंस्थेतील दोषाची तीव्रता ० ते ४२ गुणांच्या 'एनआयएच' श्रेणीवर आणि रुग्णाचे परावलंबन ० ते ६ च्या सुधारित रँकिन श्रेणीवर मोजले जाते. या मोजमापांचे गुण निदानाच्या वाक्यात मिसळण्याऐवजी स्वतंत्र रकान्यात लिहिणे श्रेयस्कर मानले जाते.

आढळणाऱ्या विसंगती

एकाच रुग्णाचा प्रवास पाहिला असता विसंगती कशी निर्माण होते, हे समजते. समजा, शिरूर तालुक्यातील एक रुग्ण प्रथम ग्रामीण रुग्णालयात गेला. तेथे 'उजवा अर्धांगवायू' अशी नोंद झाली. तेथून त्याला पुण्यातील मोठ्या रुग्णालयात हलविण्यात आले. तातडीच्या विभागात 'सीव्हीए', क्ष-किरण विभागाच्या अहवालात 'डाव्या मध्य प्रमस्तिष्क धमनीच्या क्षेत्रात रक्तावरोध', डिस्चार्ज कार्डावर 'उच्च रक्तदाब, मधुमेह, पक्षाघात' आणि पुढे भौतिकोपचार केंद्रात पुन्हा 'उजवी हेमिप्लेजिया' असे लिहिले गेले. पाचही नोंदी आपापल्या परीने खऱ्या आहेत. तथापि संगणकाच्या दृष्टीने त्या पाच निरनिराळ्या बाबी ठरतात. 'रक्तावरोधी पक्षाघात' असा शोध घेतल्यास त्यांपैकी एकच नोंद हाती लागेल. उलट, सर्व नोंदी एकत्र मोजल्यास एका आजाराचे अनेक रुग्ण दिसतील.

लक्षणालाच निदान म्हणून लिहिणे ही यांतील सर्वांत सामान्य विसंगती होय. दुसरी विसंगती जुन्या व नव्या आजाराच्या सरमिसळीची आहे. पाच वर्षांपूर्वी पक्षाघात झालेला रुग्ण न्यूमोनियासाठी दाखल झाला आणि त्याच्या कागदावर 'पक्षाघात' एवढेच लिहिले, तर त्याची गणना नव्या झटक्यात होते. तिसरी विसंगती नकाराची आहे. 'पक्षाघात नाही' किंवा 'वडिलांना पक्षाघात झाला होता' या वाक्यांतही तोच शब्द असल्यामुळे केवळ शब्द शोधणारी संगणक प्रणाली फसते.

दुहेरी गणना टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मोनिका प्रकल्पात २८ दिवसांचा संकेत पाळला गेला. पहिल्या झटक्यापासून २८ दिवसांच्या आत उद्भवलेला त्रास ही त्याच घटनेची पुढची अवस्था मानली जाई. त्यानंतरचा झटका स्वतंत्र घटना म्हणून मोजला जाई.

आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण

रोगांच्या नावांत एकवाक्यता आणण्याचा प्रयत्न मृत्यूंच्या गणनेतून सुरू झाला. झाक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहाव्या आवृत्तीपासून तिचे दायित्व स्वीकारले आणि केवळ मृत्यूच नव्हे, तर आजारही वर्गीकरणात समाविष्ट झाले. दहावी आवृत्ती (आयसीडी-१०) १९९० मध्ये मान्य होऊन सदस्य देशांत १९९४ पासून वापरात येऊ लागली.

आयसीडी-१० मध्ये पक्षाघात रक्ताभिसरण संस्थेच्या रोगांच्या प्रकरणात येतो. महत्त्वाचे संकेतांक असे आहेत :

• आय६० : मेंदूच्या आवरणाखालील (जालिकावरणाखालील) रक्तस्राव
• आय६१ : मेंदूअंतर्गत रक्तस्राव
• आय६२ : इजेविना झालेला कवटीतील अन्य रक्तस्राव
• आय६३ : मेंदूतील रक्तावरोधजन्य ऊतिमृत्यू
• आय६४ : रक्तस्राव की रक्तावरोध हे निर्दिष्ट नसलेला पक्षाघात
• आय६९ : मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या रोगांचे उत्तरपरिणाम
• जी४५ : क्षणिक रक्तावरोधी झटका व संबंधित लक्षणसमूह
• जी८१ : अर्धांगाचा लुळेपणा

यांतील आय६४ हा संकेतांक नोंदीच्या गुणवत्तेचा निदर्शक मानता येतो. सीटी स्कॅनची सोय नसलेल्या ठिकाणी तो प्रामाणिक व आवश्यक असतो. मात्र सीटी स्कॅन झालेल्या रुग्णांच्या नोंदींतही त्याचे प्रमाण मोठे असेल, तर अहवालातील माहिती अंतिम निदानापर्यंत पोहोचली नाही, असा त्याचा अर्थ होतो.

आय६९ हा गट पक्षाघाताचे परिणाम म्हणून नोंदविलेल्या, तसेच मूळ झटक्याला एक वर्ष किंवा अधिक काळ लोटल्यावरही शिल्लक असलेल्या विकारांसाठी आहे. झटका येऊन गेला आणि काही दोष उरला नाही, तर पूर्वेतिहासासाठी झेड८६.७ हा संकेतांक उपलब्ध आहे. जी८१ हा लक्षणदर्शक संकेतांक आहे. कारण ठाऊक असताना केवळ तोच लिहिल्यास तो रुग्ण पक्षाघाताच्या गणनेतून निसटतो.

काही रुग्ण वर्गीकरणाच्या रचनेमुळेच अन्यत्र जातात. बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरांत रक्त गोठल्यास त्याची नोंद गर्भारपण व प्रसूतीच्या प्रकरणात ओ८७.३ या संकेतांकाने होते. आय६० ते आय६४ एवढ्याच संकेतांकांचा शोध घेणाऱ्या अभ्यासात अशा तरुण स्त्रिया दिसणार नाहीत. तसेच अपघाताने झालेला कवटीतील रक्तस्राव एस०६ मध्ये येतो आणि तो पक्षाघातात मोजला जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये मेंदूची उजवी किंवा डावी बाजू दर्शविण्याची सोय नाही. अकरावी आवृत्ती मे २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तीत पक्षाघात रक्ताभिसरणाच्या प्रकरणातून मज्जासंस्थेच्या रोगांच्या प्रकरणात हलविण्यात आला. मेंदूअंतर्गत रक्तस्रावासाठी ८बी००, रक्तावरोधी पक्षाघातासाठी ८बी११ आणि प्रकार अज्ञात असल्यास ८बी२० असे संकेतांक आहेत. मूळ संकेतांकाला बाजू व अन्य तपशील दर्शविणारे जोडसंकेत लावण्याची सोयही या आवृत्तीत आहे. प्रकरण बदलल्यामुळे हृदय व रक्तवाहिन्यांच्या रोगांचे एकूण आकडे जुन्या आवृत्तीशी ताडून पाहताना सावधगिरी बाळगावी लागते.

स्नोमेड सीटी आणि पुण्यातील राष्ट्रीय केंद्र

वर्गीकरण हे गणनेसाठी असते. रुग्णाच्या खाटेशेजारी लिहिल्या जाणाऱ्या तपशिलासाठी संज्ञावली लागते. स्नोमेड सीटी ही अशी आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संज्ञावली २००२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. तीत प्रत्येक संकल्पनेला स्वतंत्र क्रमांक असतो आणि एका संकल्पनेची अनेक समानार्थी नावे त्याच क्रमांकाखाली नोंदविता येतात. उदाहरणार्थ, पक्षाघात या व्यापक संकल्पनेचा क्रमांक २३०६९०००७, रक्तावरोधी पक्षाघाताचा ४२२५०४००२ आणि क्षणिक रक्तावरोधी झटक्याचा २६६२५७००० असा आहे. रक्तावरोधी पक्षाघात हा पक्षाघाताचा एक प्रकार आहे, हा संबंधही संज्ञावलीत नोंदलेला असतो. त्यामुळे डॉक्टरने सूक्ष्म निदान लिहिले, तरी व्यापक शोधात ती नोंद सापडते. स्नोमेड सीटीतील संकल्पना आयसीडी-१० च्या संकेतांकांशी जोडणारा नकाशाही उपलब्ध असतो.

भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदींची मानके प्रथम २०१३ मध्ये आणि सुधारित स्वरूपात २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत वैद्यकीय संज्ञांसाठी स्नोमेड सीटी, प्रयोगशाळा तपासण्यांसाठी लॉइंक, प्रतिमांसाठी डायकॉम आणि रोगवर्गीकरणासाठी आयसीडी-१० यांची शिफारस आहे. स्नोमेड सीटीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा भारत २०१४ मध्ये सदस्य झाला. त्यामुळे देशात तिच्या वापरासाठी परवाना शुल्क द्यावे लागत नाही.

या मानकांच्या प्रसारासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने स्थापिलेले राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्यातील सी-डॅकमध्ये कार्यरत आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेली सी-डॅक ही संस्था 'परम' महासंगणकांसाठी विशेष परिचित आहे. हे संसाधन केंद्र भारतासाठी स्नोमेड सीटीचे वितरण करते. भारतीय औषधांची नावे व आयुर्वेदादी पद्धतींच्या संज्ञा यांचे विस्तार तयार करते. तसेच रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनविणाऱ्यांना मार्गदर्शन करते.

संगणकीय नोंदीची रचना

२७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये रुग्णाला १४ अंकी 'आभा' क्रमांक मिळतो. त्याच्या संमतीने निरनिराळ्या रुग्णालयांतील नोंदी एकमेकींना जोडता येतात. नोंदींच्या देवाणघेवाणीसाठी एचएल७ संघटनेचे 'फायर' हे मानक वापरले जाते आणि त्याची भारतीय मार्गदर्शिका पुण्यातील वरील केंद्राने प्रसिद्ध केली आहे.

'फायर' मानकात आजार हा एक स्वतंत्र घटक असून त्यात निदानाचा संकेतांक, शरीरातील स्थान, आजार सुरू झाल्याचा काळ, नोंद केल्याची तारीख, निदानाची निश्चितता आणि आजाराची सद्यःस्थिती यांसाठी वेगवेगळे रकाने असतात. निदान संभाव्य, निश्चित, फेटाळलेले किंवा चुकून नोंदविलेले आहे, हे दर्शविता येते. जुनी नोंद पुसून टाकण्याऐवजी तिची स्थिती बदलली जात असल्याने निदान कसे बदलत गेले, याचा माग राहतो.

मात्र रकाने उपलब्ध असणे आणि ते भरले जाणे यांत अंतर असते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरला एका रुग्णामागे अल्प वेळ मिळतो. लांबलचक यादीतून अचूक संज्ञा निवडण्यापेक्षा पहिलीच संज्ञा निवडण्याचा मोह होतो. म्हणून पक्षाघातासाठी निवडक संज्ञांची छोटी यादी, दाखल होताना तात्पुरते निदान आणि घरी सोडताना अंतिम निदान असे दोन टप्पे, तसेच डिस्चार्ज कार्ड व संकेतांक यांची वैद्यकीय नोंद विभागाकडून पडताळणी, हे उपाय उपयुक्त मानले जातात.

मृत्यूच्या कारणाची नोंद

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४ आणि रुग्णालयाबाहेरील मृत्यूसाठी नमुना ४अ मध्ये वैद्यकीय कारण प्रमाणित केले जाते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने रुग्णालयांवरील ही जबाबदारी अधिक स्पष्ट केली. प्रमाणपत्राच्या पहिल्या भागात मृत्यूचे तात्कालिक कारण आणि त्यामागील कारणांची साखळी, तर दुसऱ्या भागात मृत्यूस हातभार लावणारे अन्य आजार लिहावयाचे असतात.

उदाहरणार्थ, पहिल्या ओळीवर 'श्वासनलिकेत अन्न जाऊन झालेला न्यूमोनिया', दुसऱ्या ओळीवर 'मेंदूअंतर्गत रक्तस्राव' आणि तिसऱ्या ओळीवर 'उच्च रक्तदाब' असे लिहिलेले असल्यास आयसीडी-१० च्या नियमांनुसार मूळ कारण म्हणून मेंदूअंतर्गत रक्तस्राव निवडला जातो. केवळ 'हृदयक्रिया व श्वसन बंद पडणे' असे लिहिल्यास मात्र पक्षाघात पूर्णपणे झाकला जातो. कारण ही मृत्यूची अवस्था आहे, कारण नव्हे.

महाराष्ट्रातील गणना

मुंबईत डॉ. पी. एम. दलाल व सहकाऱ्यांनी २००५ व २००६ या वर्षांत लोकसंख्याधारित पक्षाघात पाहणी केली. २५ वर्षे व त्यावरील वयाच्या १,५६,८६१ व्यक्तींच्या लोकसंख्येत पहिल्यांदा पक्षाघात झालेले ४५६ रुग्ण आढळले. वार्षिक प्रमाण दर लाख व्यक्तींमागे १४५ इतके होते. ८९.२ टक्के रुग्णांच्या निदानाला सीटी स्कॅनचा आधार होता. ३६६ रुग्णांत रक्तावरोध, ८१ रुग्णांत रक्तस्राव, तर केवळ ९ रुग्णांचा प्रकार अनिर्दिष्ट राहिला. जागतिक आरोग्य संघटनेची समान कार्यपद्धती वापरल्यामुळे या पाहणीचे आकडे अन्य देशांशी तुलना करण्याजोगे ठरले.

पुणे जिल्ह्यात केईएम रुग्णालय संशोधन केंद्राच्या वतीने वढू परिसरातील २२ गावांत २००२ पासून लोकसंख्या व आरोग्यविषयक सातत्यपूर्ण निरीक्षण चालते. अशा क्षेत्रांत घरी झालेल्या मृत्यूंची माहिती कुटुंबीयांच्या मुलाखतीतून घेऊन कारण ठरविले जाते. या मौखिक पद्धतीत अंग लुळे पडणे, वाचा जाणे यांवरून पक्षाघात ओळखता येतो. परंतु रक्तस्राव व रक्तावरोध यांत फरक करणे अवघड असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मौखिक तपासपद्धतीत त्यासाठी पक्षाघात असा एकच गट ठेवलेला आहे. येथे कमी तपशील हा दोष नसून उपलब्ध पुराव्याशी राखलेली प्रामाणिकता होय.

राष्ट्रीय पातळीवर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या बंगळूर येथील संस्थेमार्फत रुग्णालयाधारित व लोकसंख्याधारित पक्षाघात नोंदवह्या चालविल्या जातात.

गुणवत्तेचे मोजमाप

संकेतांक किती विश्वसनीय आहेत, हे जाणण्यासाठी मूळ केसपेपर व प्रतिमाचिकित्सेचे अहवाल तज्ज्ञांकडून पुन्हा तपासले जातात. समजा, एका रुग्णालयात वर्षभरात पक्षाघाताचे खरे १०० रुग्ण होते आणि संकेतांकांच्या शोधातून ९० नोंदी मिळाल्या; त्यांपैकी ७२ खऱ्या निघाल्या. तर मिळालेल्या नोंदींपैकी ८० टक्के अचूक, परंतु प्रत्यक्ष रुग्णांपैकी ७२ टक्केच हाती लागले असे ठरते. पहिले मोजमाप चुकीने समाविष्ट झालेल्यांची आणि दुसरे निसटलेल्यांची कल्पना देते. दोन्हींचा विचार केल्याशिवाय वाढलेला आकडा आजार वाढल्याचा की नोंद सुधारल्याचा, हे सांगता येत नाही.

मर्यादा

आयुर्वेद व अन्य पद्धतींच्या संज्ञांसाठी २०१७ मध्ये 'नमस्ते' हे संकेतस्थळ सुरू झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये आयसीडी-११ मधील पारंपरिक वैद्यकाचा दुसरा विभाग प्रसिद्ध झाला. तथापि आयुर्वेदातील 'पक्षाघात' आणि आधुनिक वैद्यकातील मेंदूचा रक्तावरोध यांत एकास एक संगती मानता येत नाही. दोन्ही पद्धतींचे उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या नोंदीत दोन्ही संज्ञा आपापल्या चौकटीत जतन कराव्या लागतात.

विम्याच्या वा शासकीय योजनांच्या दाव्यांसाठी तयार केलेल्या माहितीत उपचारांच्या संचाला प्राधान्य असते. तिच्यावरून निदानाचा तपशील काढणे मर्यादितच शक्य होते. अनेक नोंदी जोडल्याने रुग्णाची खासगी माहिती उघड होण्याचा धोकाही वाढतो. यासंदर्भात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ महत्त्वाचा आहे.

नेमकेपणाचा आग्रहही पुराव्यापलीकडे जाऊ नये, हे या क्षेत्रातील मूलभूत तत्त्व मानले जाते. प्रकार ठाऊक नसताना रकाना भरण्यासाठी 'रक्तावरोधी' असे लिहिण्यापेक्षा 'अनिर्दिष्ट' असे लिहून तपासणीनंतर नोंद सुधारणे अधिक सुरक्षित असते. पुढील डॉक्टर त्या शब्दावर विसंबून औषध ठरवितो.

हे सुद्धा पाहा

• पक्षाघात
• उच्च रक्तदाब
• आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण
• प्रगत संगणन विकास केंद्र
• आयुष्मान भारत डिजिटल मिशन